चाळीस जण नकोत, दहा द्या: वादळानंतर घरं उभी करायला निघालेल्या चर्च गटांना आणि मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या, त्यांचे युवक गट आणि त्यांच्याबरोबर स्वयंसेवक पाठवणारी महाराष्ट्र मंडळं यांचे पदाधिकारी

स.न.वि.वि.

उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत ठरू लागले की हेलीन वादळानंतर पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात घरं उभी करणाऱ्या संस्थांकडे ठरावीक छापाची पत्रं येऊ लागतात. आम्ही चाळीस जण आहोत, जूनचा दुसरा आठवडा मोकळा आहे, निम्मी मुलं हायस्कूलची आहेत, रंगकाम असेल तर उत्तम. पत्रं मनापासून लिहिलेली असतात, आणि तरी त्यातल्या अनेकांना नकार द्यावा लागतो. रंग हे घराचं जवळजवळ शेवटचं काम. सहा माणसं दोन दिवसांत एक छोटं घर रंगवून मोकळी होतात. त्याच्या आधीची कामं, म्हणजे क्रॉलस्पेस (घराखालची बुटकी पोकळी) रिकामा करणं, लाकूड वाळवणं, इन्सुलेशन भरणं, ड्रायवॉल (भिंतीला आतून ठोकायचे, कागदात मढवलेले जिप्समचे तक्ते) लावणं आणि तिचे सांधे भरणं, यांना माणूस मिळत नाही आणि घरं तिथेच अडून राहतात. म्हणून हे पत्र. चाळीस जणांऐवजी शिकून तयार झालेले दहा जण द्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच दहा द्या, एवढंच मागणं आहे.

हेलीन हे वादळ २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री फ्लोरिडात पेरी गावाजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा ते चौथ्या श्रेणीचं होतं. पण शेकडो मैल आतल्या पश्चिम नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत घरं गेली ती मुख्यतः पाण्याने आणि दरडींनी. वादळ पोचायच्या आधीपासूनच तिथे पाऊस कोसळत होता, माती आणखी पाणी पिण्याच्या स्थितीत नव्हती. बझिक इथे त्या काही दिवसांत तीस इंचांहून जास्त पावसाची नोंद झाली. ॲशव्हिलला फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ च्या महापुराची पातळी ओलांडली. एकट्या नॉर्थ कॅरोलायनात शंभरावर माणसं दगावली. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरात, पूरविमा कोण काढणार? फार थोड्यांनी काढला होता. त्यामुळे बहुतेक घरमालकांच्या हातात विम्याचा चेक नाही. फेमाकडून, म्हणजे संघराज्य सरकारच्या आपत्ती संस्थेकडून, घरासाठी त्या वर्षी जास्तीत जास्त ४२,५०० डॉलर मिळू शकत होते, आणि ही कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात हातात पडतात ते बहुधा याहून बरेच कमी. उरलेली दरी भरायची ती चर्चच्या गटांनी, धर्मादाय संस्थांनी आणि राज्याच्या योजनांनी.

किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनाचं काम कित्येक वर्षं चाललं होतं, हे तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. इथेही तेच. पहिल्या दोन महिन्यांत चिखल उपसायला, झाडं कापायला माणसांची रीघ लागते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी, जेव्हा खरं बांधकाम चालू असतं, तेव्हा दूरदर्शनचे कॅमेरे दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या वादळाकडे गेलेले असतात आणि स्वयंसेवकही त्यांच्यामागे.

आता मुद्द्याचं. स्वतःहून गाड्या काढून जाऊ नका. या कामात मुरलेल्या संस्था आहेत, त्यांच्यापैकी एकीशी स्वतःला जोडून घ्या. मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस १९५० पासून हेच करते आहे. हेलीननंतर तिने घरांबरोबर ओढ्यांवरचे खासगी पूलही बांधायला घेतले. बॅप्टिस्ट्स ऑन मिशन ही नॉर्थ कॅरोलायनाचीच. समॅरिटन्स पर्सचं मुख्यालय बूनला, म्हणजे पूरग्रस्त भागातच आहे. युनायटेड मेथडिस्टांची यंत्रणा वेगळी. यांच्याकडे टीम-लीडर, विमा, अवजारांचे ट्रेलर आणि झोपायची सोय असते. प्रत्येकीचे नियम वेगळे असतात, ते आधी वाचा.

तुम्हाला जे घर नेमून दिलं जातं, त्यामागे एक फाइल असते. त्या कुटुंबाचा केस मॅनेजर विमा, फेमा, सरकारी कर्ज आणि राज्याची योजना या क्रमाने बघत जातो आणि शेवटी उरलेली तूट स्थानिक पुनर्वसन गटापुढे मांडतो. तिथे एक संस्था सामान देते, दुसरी इलेक्ट्रिशियनचे पैसे, तिसरी माणसं. हा क्रम मोडला तर नुकसान घरमालकाचं होतं. घर बघून गलबलून येतं आणि कोणीतरी तिथल्या तिथे छपरासाठी पाच हजारांचा चेक फाडतो. त्याच छपरासाठी सरकारी मदत मंजूर व्हायची असेल, तर एकाच कामासाठी दोनदा मदत म्हणून तेवढी रक्कम कापली जाऊ शकते. द्यायचे तर पैसे गटाकडे द्या, केस मॅनेजरला विचारून.

याहून कमी लोकांना माहीत असलेला एक नियम आहे. घर सरकारी नकाशावरच्या पूरक्षेत्रात असेल आणि दुरुस्तीचा खर्च घराच्या वादळापूर्वीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, तर ते घर आजच्या पूरनियमांत बसवावं लागतं; बहुतेक वेळा याचा अर्थ अख्खं घर उचलून उंच करणं. आणि या हिशेबात तुमची फुकट मजुरी आणि दान आलेलं सामान बाजारभावाने धरतात. म्हणजे ‘आम्ही सगळं विनामूल्य करतोय, खर्च कुठे आहे’ हा युक्तिवाद चालत नाही. परवाना निघायच्या आत हौसेने सुरू केलेलं काम त्या कुटुंबाला कायदेशीर कचाट्यात टाकू शकतं. परवान्याचा कागद घराच्या खिडकीत लावलेला दिसला नाही, तर हातोडा उचलू नका, आधी विचारा.

त्याच परवान्याखाली तपासणीचे टप्पे असतात. वायरिंग आणि पाइप परवानाधारक माणसाने करायचे, त्याची तपासणी होणार, मग इन्सुलेशन, त्याची तपासणी, मगच ड्रायवॉल. इन्स्पेक्टर सोमवारी येणार होता, आला नाही, टीम मात्र बसून आहे, म्हणून भिंत बंद केली, असं दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे होतं. मग इन्स्पेक्टर येतो आणि ती भिंत उघडायला लावतो. पुढच्या टीमचा पहिला दिवस तुमचं काम पाडण्यात जातो. म्हणून तुमच्या आठवड्यासाठी एक नाही, दोन घरं मागून ठेवा, वेगवेगळ्या टप्प्यांवरची.

लाकूड वाळण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत महागात पडणारी चूक तिथे होते. पाणी ओसरून महिने झाले, भिंत हाताला कोरडी लागते, म्हणून ती कोरडी असतेच असं नाही. मोजायला दोन सुयांचं ओलावा-मापक मिळतं, चाळीस-पन्नास डॉलरचं पुरतं. सुया लाकडाच्या रेषांच्या दिशेने टोचायच्या. मोजायचं कुठे? भिंतीच्या तळाची आडवी फळी, कोपऱ्यात जिथे दोन-तीन स्टड (भिंतीतले उभे लाकडी खांब) एकमेकांना चिकटून ठोकलेले असतात तिथे, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना. जोडलेल्या लाकडांच्या मध्ये वारा पोचत नाही, पाणी तिथेच दडतं. मोकळ्या स्टडवर १२ टक्के दिसतील आणि कोपऱ्यात २२. घराचा आकडा २२ धरायचा. सगळीकडे १५ टक्के किंवा खाली आल्याशिवाय इन्सुलेशनला हात लावायचा नाही. तळाची फळी प्रक्रिया केलेल्या हिरवट लाकडाची असेल, तर त्यातल्या क्षारांमुळे मापक थोडं जास्त दाखवतं. तिथे टीम-लीडरचा निर्णय घ्या. खोलीच्या जमिनीतही हीच गोम आहे. प्लायवूडवर व्हिनाइल, त्यावर लॅमिनेट असे थर असतील तर वरचा थर सुकतो आणि मधला महिनोन्महिने ओला राहतो. सगळे थर प्लायवूडपर्यंत उचलावेच लागतात.

बुरशीवर ब्लीच ओतणं ही जुनी सवय. टाइल, काच, सिंक अशा गुळगुळीत पृष्ठभागावर एक गॅलन पाण्यात जास्तीत जास्त एक कप ब्लीच ठीक आहे. लाकडात मात्र क्लोरीन वरवर राहतं, पाणी आत शिरतं, आणि आपण जे वाळवायला निघालो तेच भिजवून ठेवतो. लाकडाला साबणाचं पाणी, तारेचा ब्रश, हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम, आणि संस्थेची पद्धत असेल तर बोरेटचा फवारा. ब्लीच आणि अमोनिया असलेलं क्लीनर एका बादलीत कधीही नको, त्यातून विषारी वायू निघतो.

क्रॉलस्पेस, म्हणजे घराची जमीन आणि खालची माती यांच्यातली दीड-दोन फुटांची पोकळी. तिथे कोणाला जायचं नसतं, म्हणून तो शेवटपर्यंत राहतो. खरं तर तो सगळ्यात आधी व्हायला हवा. जमिनीच्या तुळयांमध्ये खोवलेलं फायबरग्लास पुराचं पाणी धरून लोंबत असतं आणि वरची जमीन खालून कुजवत असतं. ते सगळं ओढून काढायचं, काळ्या जाड पिशव्यांत भरायचं, पुराचं पाणी शिरलेले हवेचे डक्टही काढून टाकायचे. आत एक माणूस असला की बाहेर तोंडाशी दुसरा हवाच, आणि आत जायच्या आधी वीज बंद केल्याची खात्री. सापांचं भान ठेवा. या भागात कॉपरहेड आढळतो आणि तो सहज दिसत नाही. गुडघ्याचे पॅड, अंगभर एकदा वापरून फेकायचा सूट, डोक्याचा दिवा. अंगापिंडाने बारीक, बंद जागेची भीती नसलेली दोन माणसं तुमच्या दहांत असतील, तर त्यांची नावं पत्रात आवर्जून लिहा.

आता ड्रायवॉल. भिंत कुठवर कापायची हे बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या रेषेवरून ठरवतात: पाणी फूटभर होतं, दोन फुटांवर कापू. इथेच पुढच्या कामाची वाट लागते. बहुतेक घरांत ड्रायवॉलचे चार फूट रुंद पत्रे (म्हणजे तक्ते) आडवे लावलेले असतात आणि जमिनीपासून साधारण चार फुटांवर त्यांचा कारखान्यातला निमुळता सांधा असतो. तो सांधा उघडून खालचा पत्रा पूर्ण काढला, तर नवा पत्रा तिथेच बसतो, दोन्ही निमुळत्या कडा समोरासमोर येतात आणि सांध्यावर चिकटवलेली टेप त्या खोलगटात गुडूप होते. दोन फुटांवर कापलं तर खोलीभर सपाट कापीव कडांचा सांधा तयार होतो. तो लपवायला फूट-दीड फूट रुंद लेप ओढत जावं लागतं, आणि तरी संध्याकाळच्या तिरप्या उजेडात भिंतीवर उंचवटा दिसतोच. जुन्या पत्र्याची जाडी आधी मोजा. सगळीकडे अर्धा इंच असतो असं समजून चालू नका.

एका खोलीचा हिशेब सांगतो. १२ बाय १२ फुटांची खोली, खालचे चार फूट उघडे. परिघ ४८ फूट. आठ फुटी पत्रे घेतले तर सहा लागतील, प्रत्येक भिंतीवर एक अख्खा आणि एक अर्धा. बारा फुटी घेतले तर चारच, आणि भिंतीच्या मधला उभा सांधा पूर्ण टळतो. पण बारा फुटी पत्रा अर्ध्या इंचाचा असला तरी जड आणि लवचिक, दोघांनी उभा धरून न्यावा लागतो आणि अरुंद बोळातून वळत नाही. आधी वाट मोजा. स्क्रू सव्वा इंची, जाड आट्यांचे, दर स्टडवर सोळा इंचांच्या अंतराने. छताला बारा इंच. आठ फुटी पत्र्याला साधारण तीस, म्हणजे खोलीला दोनशेच्या आत. टेप ऐंशी फुटांच्या आसपास, तयार लेपाची साडेचार गॅलनची बादली अर्धीसुद्धा लागणार नाही. पत्रा जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवायचा. जमिनीला टेकला तर उद्या सांडलेलं पाणीही शोषून वर चढवतो. ही फट बेसबोर्डखाली (भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीखाली) झाकली जाते.

स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित खाली, पण कागद न फाडता. पत्रा धरून ठेवतो तो कागद. तो फाटला की आतल्या जिप्समला पकड नसते, शेजारी दुसरा स्क्रू मारा. नवशिक्यांच्या हातात ड्रिल दिला की पहिल्या तासात निम्मे कागद फाटतात. त्यासाठी डिंपलर नावाचं दोन-तीन डॉलरचं बिट येतं, ठरावीक खोलीवर ते स्वतःच सुटतं. दहा घेऊन या. तुमच्या अख्ख्या ट्रेलरमधली ही सगळ्यात उपयोगी वस्तू ठरेल, असं आमचं मत.

सांधे भरणं हे काम घरी शिकून येण्याजोगं आहे आणि तेच कोणी शिकत नाही. एखाद्या गॅरेजमध्ये दोन पत्रे ठोका आणि चार शनिवार हात बसवा. पहिला थर सहा इंची पट्टीने, त्यात कागदी टेप दाबून. टेपखाली लेप कमी पडला की फोड येतात. दुसऱ्या दिवशी बोट फिरवलं तर ते पोकळ वाजतात, कापून पुन्हा भरावे लागतात. दुसरा थर दहा इंची पट्टीने, तिसरा बारा इंची. प्रत्येक थर पातळ. जाड थर वरून सुकतो, आतून नाही, आणि मग भेगा पडतात. जाळीदार टेप वापरायची असेल तर खाली पावडरचा, पाणी घालून जमणारा लेपच हवा. तयार बादलीतल्या लेपावर जाळी टिकत नाही, पुढे सांधा उकलतो. पावडरवाल्या लेपाचे पिशवीवर आकडे असतात, २०, ४५, ९०; तेवढ्या मिनिटांत तो दगड होतो. बादली स्वच्छ नसेल तर त्याहून लवकर, कारण आधीचा जमलेला कण नव्या लेपाला जमायची घाई करतो. ४५ चा लेप वीस मिनिटांत आवळला तर कंपनीला दोष देऊ नका, बादली बघा.

वेळेचं गणित असं. सोमवारी पत्रे, मंगळवारी टेप, बुधवारी दुसरा थर, गुरुवारी तिसरा, शुक्रवारी घासणं आणि प्रायमर. कागदावर आठवडा बरोबर भरतो. जुलैच्या दमट हवेत चोवीस तासांत थर सुकत नाही, अठ्ठेचाळीस लागतात, आणि सगळं घसरतं. म्हणून पहिला थर पावडरच्या लेपाचा द्यावा आणि खोलीत डीह्युमिडिफायर चालवावा. हिवाळ्यात उलट अडचण: खोली ५५ अंश फॅरनहाइटच्या वर राहिली नाही तर लेप नीट धरत नाही. पण एक टीम टेपपर्यंत पोचली आणि पुढची टीम तीन आठवड्यांनी आली, असं झालं तर कुटुंब आणखी तीन आठवडे कॅम्परमध्ये (चाकांवरच्या तात्पुरत्या घरात) राहतं. सांधे भरणारी दोन माणसं दहा दिवस थांबू शकत असतील तर बाकीचे आठ घरी गेले तरी चालतील.

छपराबद्दल थोडक्यात, कारण तिथे नवशिक्यांनी चढूच नये. सहा फुटांवर दोर-हार्नेस हवाच, शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर आणि छपराच्या कडेपेक्षा तीन फूट वर. ताडपत्री घालायची वेळ आली तर ती छपराच्या कण्यावरून, म्हणजे माथ्याच्या रेषेवरून, पलीकडे तीन-चार फूट न्यायची, कडा लाकडी पट्टीभोवती गुंडाळून पट्टी ठोकायची. ताडपत्रीतून थेट खिळे मारले तर पहिल्या वाऱ्यात फाटते आणि प्रत्येक भोक गळतं. शिंगलला (छपराच्या डांबरी कौलाला) वादळी भागात सहा खिळे, आणि खिळे-बंदुकीचा दाब इतकाच की डोकं शिंगलवर टेकेल, आत रुतणार नाही.

मोबाइल होमची, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या घराची, गोष्ट वेगळी आणि अवघड. त्यातल्या अनेकांची जमीन भुशाच्या दाबलेल्या फळीची असते. ती भिजली की फुगते आणि सुकल्यावर पूर्ववत होत नाही, पायाखाली बिस्किटासारखी मोडते. १५ जून १९७६ च्या आधीची मोबाइल होम्स संघराज्याच्या बांधकाम-मानकांच्या आधीची आहेत, बऱ्याच योजना त्यांच्या दुरुस्तीला पैसे देत नाहीत. त्यात राहणारी कुटुंबं सर्वांत गरीब असतात. ‘आपण दुरुस्त करून टाकू’ असा शब्द तुमच्यातल्या कोणीही देऊ नये. तिथे नवं घर हाच मार्ग असतो आणि तो केस मॅनेजरकडून जातो.

सुरक्षेत दोन-तीन गोष्टी हमखास सुटतात. डोंगरातला पुराचा गाळ सुकला की त्याची धूळ होते, आणि त्यात सांडपाणी, डिझेल काय वाट्टेल ते असतं. एन-९५ मास्क किमान, बुरशी खरवडताना पी-१०० फिल्टरचा अर्धमुखी मास्क. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी दाढी काढा किंवा बाहेरचं काम घ्या. धनुर्वाताची लस दहा वर्षांत झालेली हवी. १९७८ च्या आधीच्या घरात रंगात शिसं असू शकतं, जुन्या नऊ इंची फरशांत आणि खडबडीत छतात ॲस्बेस्टॉस; चाचणीचा कागद बघितल्याशिवाय घासणं, फोडणं नाही. जनरेटर घरापासून वीस फूट दूर, धूर खिडकीच्या विरुद्ध दिशेला. पोर्चमध्ये तर नकोच.

अठरा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक संस्था छप्पर आणि यांत्रिक करवत यांपासून दूर ठेवतात, सोळाखालच्यांना बऱ्याच ठिकाणी बांधकामावर घेतच नाहीत. चाळीस जणांच्या पत्राला नकार येतो तो अनेकदा याच कारणाने: एका टीम-लीडरला पाच-सहा माणसं सांभाळता येतात, एका घरात आठ-दहांच्या वर माणसं मावत नाहीत. मुलांना न्यायचंच असेल तर फूड बँक, सामानाचं गोदाम, बागा साफ करणं अशी वेगळी कामं मागा आणि ती मुलांच्या वयाला शोभतील अशी आहेत का ते विचारा. एच-१बी, एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावरच्यांनी धर्मादाय संस्थेत बिनपगारी स्वयंसेवा करायला साधारणपणे अडचण नसते, पण भत्ता, मानधन, कामाच्या बदल्यात काहीही घ्यायचं नाही. शंका असेल तर वकिलाला विचारून या.

मंडळांतून अनेकदा विचारलं जातं की आम्ही हिंदू आहोत, चर्चच्या गटाबरोबर चालेल का. चालतं. संध्याकाळी प्रार्थना असते, बसायचं तर बसा, नाहीतर भांडी घासायला हात लावा. कोणी मोजत नाही. उलट बाजूने ख्रिस्ती मंडळ्यांनाही एक विनंती: घरमालकाला प्रार्थना हवी असेल तर तो सांगेल. भिंत बांधून देण्याच्या बदल्यात त्याला पत्रकं आणि प्रवचन ऐकावं लागू नये. त्याच्या घराचे, उघड्या सामानाचे, मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. शाकाहारी किती, हे आधी कळवा. चर्चच्या स्वयंपाकघरात वेगळी चूल मांडता येणार नाही, पण पोहे, डाळ-तांदूळ बरोबर आणले तर शिजवायला कोणी ना म्हणणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाकीचेही वाढून मागतील. राहायला चर्चच्या हॉलमध्येच या. सुट्टीची भाड्याची घरं घेऊ नका. ज्या भागात घर गेलेल्यांनाच भाड्याने जागा मिळत नाही, तिथे मदतीला आलेल्यांनी ती अडवावी हे बरं दिसत नाही.

जुने कपडे पाठवू नका. ते निवडायला, ठेवायला आणि शेवटी फेकायला माणसं लागतात, आणि ती माणसं भिंती बांधायची सोडून तिथे बसतात. पैसे द्या, नाहीतर स्थानिक हार्डवेअर दुकानाचं गिफ्ट कार्ड. त्यातून तिथल्या दुकानदारालाही धंदा होतो.

येताना प्रत्येकाजवळ पोलादी टोकाचे बूट, कामाचे दोन जोड हातमोजे, डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून घालायचा चष्मा, मोजपट्टी, कापायचा चाकू आणि पेन्सिल. बाकी अवजारं संस्थेकडे असतात. तासांची नोंद रोज संध्याकाळी: नाव, ठिकाण, काम, किती वाजता सुरू, किती वाजता बंद. पहिल्या आपत्कालीन टप्प्यातल्या अशा तासांची किंमत काही ठिकाणी स्थानिक प्रशासनाच्या खर्चाच्या वाट्यात धरता येते, म्हणून संस्था त्याचा आग्रह धरतात. त्याचा कंटाळा करू नका.

पुढच्या पत्रात एवढं लिहा: माणसं किती, त्यांतली किती अठराच्या वर, कोणी ड्रायवॉल किंवा सुतारकाम प्रत्यक्ष केलेलं आहे, परवानाधारक इलेक्ट्रिशियन वा प्लंबर कोणी आहे का आणि कोणत्या राज्याचा परवाना, क्रॉलस्पेसमध्ये जाणारे दोघे कोण, गाड्या किती, ट्रेलर ओढणारी गाडी आहे का, आणि पुढच्या वर्षी कोणत्या आठवड्यात परत याल. तारखा जूनच्या नकोत. उन्हाळा आणि वसंताची सुट्टी हे आठवडे भरलेले असतात. माणसांची खरी वानवा सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीत असते. लेबर डेच्या आठवड्यात चार दिवसांची रजा घेतली की नऊ दिवस मिळतात. संस्थेचं उत्तर यायला महिना लागू शकतो, तोवर विमानाची तिकिटं काढू नका, आणि ठरल्यावर जे घर मिळेल ते घ्या.

कळावे,
पुनर्बांधणीच्या कामावर टीम-लीडर म्हणून राबणारे काही मराठी स्वयंसेवक